जेवणानंतरची पंधरा मिनिटं

आमच्या सोप्यापासून, म्हणजे पुढच्या खोलीपासून, मागच्या न्हाणीच्या दारापर्यंत २२ पावलं भरतात. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात ती २४ भरायला लागली, कारण पाऊल आखूड पडत होतं. २०२३च्या मे-जूनमध्ये दिवसातून तीनदा, जेवण झालं की, मी आणि माझे सासरे या पट्ट्यातून फेऱ्या मारायचो. बाहेर सोलापूरचं ऊन, आत कूलरची घरघर आणि पोटात लेक. परवा ग्रंथालयातली माझी एक मैत्रीण तिसरा महिना लागल्याची बातमी घेऊन आली आणि तिने पहिलंच विचारलं, "तू नऊ महिने व्यायाम करायचीस म्हणे. मला चालेल का?" तिला उभ्या उभ्या जे सांगितलं ते पुरेसं वाटेना, म्हणून नीट लिहायला बसले.

मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभर उभं राहणं, गठ्ठे उचलणं, वरच्या फळीसाठी स्टुलावर चढणं हे रोजचंच. लग्नाआधीपासून सकाळी १२ सूर्यनमस्कार आणि आठवड्यातून दोनतीनदा संध्याकाळी सायकल. डिसेंबर २०२२ मध्ये दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा यातलं काही सोडावं लागेल असं मनातही आलं नव्हतं. घरात मात्र लगेच दोन तट पडले. आत्या (आमच्याकडे सासूबाईंना आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात) म्हणाल्या, "पहिले तीन महिने जिन्याकडं बघायचंसुद्धा नाही." बार्शीहून आईचा फोन आला, "आम्ही दिवस भरेपर्यंत विहिरीचं पाणी शेंदलं, काही होत नसतं." दोघींचा जीव माझ्यावरच होता, पण ऐकायचं कुणाचं?

सातव्या आठवड्यात एका सकाळी डाग दिसला. रुपयाएवढा, तपकिरी. आदल्या दिवशी मी सूर्यनमस्कार घातले होते. दवाखान्यात जाईपर्यंत रिक्षात मी एक शब्द बोलले नाही. आपल्या हट्टापायी काहीतरी झालं, हाच विचार डोक्यात. सोनोग्राफीत ठोके दिसले. डॉक्टर मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवून तो लुकलुकणारा ठिपका दाखवला, आणि मी न विचारताच म्हणाल्या, "हे व्यायामाने झालेलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत असा डाग बऱ्याच जणींना दिसतो, पुष्कळदा कारण सापडत नाही. सूर्यनमस्कार घातले म्हणून गर्भ सुटत नसतो. आता डाग पूर्ण थांबून दोन आठवडे जाईपर्यंत व्यायाम बंद. पण झोपून राहू नका, घरातली नेहमीची कामं करा." त्यांनी ते वाक्य त्या दिवशी म्हटलं नसतं, तर मी पुढचे सात महिने स्वतःला दोष देत पलंगावर काढले असते. अशा बायका मी पाहिल्या आहेत. गर्भ टिकला नाही की पहिलं बोट बाईच्या हालचालीकडे जातं. कुठे गेली होतीस, काय उचललंस? हे विचारणं थांबायला हवं.

गड्ड्याची जत्रा (सोलापूरची सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा) त्या वर्षी मी घरात बसूनच ऐकली. गर्दीत धक्काबुक्की नको, एवढंच कारण. रथसप्तमीला नवऱ्याने अंगणात सूर्यनमस्कार घातले, मी बाजूला खुर्ची टाकून मोजत बसले.

बाराव्या आठवड्याची सोनोग्राफी चांगली आली आणि मी मॅडमना विचारलं, आता करू का सुरू? त्यांनी उत्तर द्यायच्या आधी मलाच प्रश्न विचारले. रक्तदाब वाढलेला असतो का? हृदयाचं, फुफ्फुसाचं काही? आधी गर्भपात? गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालावा लागला होता का? मग हिमोग्लोबिन पाहिलं, १०.४ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. चहाबरोबर घ्यायची नाही, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, लिंबूपाणी चालेल. "हिमोग्लोबिन फारच खाली असतं तर आधी ते भरलं असतं, मग व्यायाम," असं त्या म्हणाल्या.

या प्रश्नांवर मी मुद्दाम थांबते आहे. माझ्या चुलत जावेची वार (बाळाला पोसणारा, नाळेने जोडलेला भाग) खाली होती, गर्भाशयाचं तोंड झाकून. अठ्ठाविसाव्या आठवड्यात तिला रक्तस्राव झाला. तिला याच मॅडमनी फिरायला जाणं, वजन उचलणं सगळं बंद करायला लावलं. आम्ही दोघी एकाच डॉक्टरांच्या पेशंट, एकाच घराण्यातल्या, वयातही वर्षाचाच फरक, आणि एकीला चाल, एकीला बस. म्हणून मैत्रिणीला मी पहिलं हेच सांगितलं, की माझं बघून सुरू करू नकोस, तुझी फाइल घेऊन जा आणि विचार. कळा लवकर यायला लागलेल्या, पाणी गेलेलं, रक्तदाबाचा त्रास वाढलेला, अशांनाही व्यायाम नाही.

मला परवानगी मिळाली ती आठवड्याला १५० मिनिटांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये गरोदर बायकांसाठी हाच आकडा सांगितला आहे, अर्थात ज्यांना काही अडचण नाही त्यांच्यासाठी. पाच दिवस अर्धा अर्धा तास. वेग किती? नवऱ्याने हौसेने मनगटी घड्याळ आणलं होतं, त्यात नाडीचा आकडा दिसायचा. कुठेतरी वाचून त्याने १४०वर गजर लावून ठेवला. तळ्याकाठी जरा झपझप चाललं की ते वाजायचं आणि माझी छाती आणखीच धडधडायची. मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, हा १४०चा नियम अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये घातला होता आणि १९९४ मध्ये काढूनही टाकला. गरोदरपणात अंगातलं रक्तच जवळजवळ दीडपट होतं, बसल्या जागी नाडीचे ठोके दहावीसने वाढलेले असतात, त्यामुळे एकच आकडा सगळ्यांना लावता येत नाही. "बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. एवढं धरून चाला." गजर काढून टाकला. त्यानंतर मोजमाप म्हणजे मामा. ते बरोबर असायचे, त्यांच्याशी बोलताना माझं वाक्य मध्येच तुटलं की ते स्वतःच हळू व्हायचे.

फेब्रुवारी ते एप्रिल हे माझे सगळ्यात सुखाचे दिवस. सकाळी सहाला सिद्धेश्वर तलावाकडे जायचो. किल्ल्याचे बुरूज, पाण्यावरचं मंदिर, गार वारा. सायकल मी बंद केली होती. ताकद होती, पण पोट पुढे येतं तसा तोल बदलतो, सांधे सैल झालेले असतात, आणि आपल्या रस्त्यांवर पडायला निमित्त लागत नाही. स्टुलावर चढणं सोडलं, वरच्या फळीची पुस्तकं शिपाईमामा काढून द्यायचे. सूर्यनमस्कारांतलं पोटावर येणं गेलं. त्याऐवजी एका फिजिओथेरपिस्टबाईंनी चार गोष्टी शिकवल्या. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. भिंतीला तळवे टेकवून जोर-बैठकांतला जोर काढायचा. चार पायांवर येऊन मांजरासारखी पाठ वर घ्यायची, मग सरळ करायची, कमरेला यानेच सगळ्यात जास्त आराम पडायचा. आणि पाण्याची एक लिटरची बाटली दोन्ही हातांत घेऊन कोपरातून वर-खाली. या सगळ्यात त्यांचा एकच धोशा, श्वास कोंडायचा नाही. जोर लावताना श्वास बाहेर.

त्यांनी शिकवलेली पाचवी गोष्ट ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंची. डॉ. अरनॉल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये त्यावर लिहिलं, म्हणून केगेल म्हणतात. वायू रोखताना जसं आत ओढतो तसं ओढायचं, पाच मोजायचे, सोडायचं, आणि सोडून पुन्हा पाच मोजायचे. आपल्याकडे बायका फक्त आवळतात, सोडतच नाहीत, असं बाईंचं म्हणणं. बाळाला वाट द्यायची तर सोडताही आलं पाहिजे. लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करू नका, हेही त्यांनी बजावलं. शिंकताना थेंब गळणं ही गोष्ट आपल्याकडे आई लेकीलाही सांगत नाही. माझ्या आईला ती वीस वर्षं आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एक चूक त्यानंतरची. मेमध्ये बाहेर पडणं अवघड झालं म्हणून मी फोनवरच्या एका वर्गाला पैसे भरले. सत्ताविसावा आठवडा होता. शिकवणाऱ्या बाईंनी पाठीवर झोपवून दोन्ही पाय भिंतीला वर लावायला सांगितले आणि तसंच पाच मिनिटं राहायला. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला कपाळाला गार घाम आला, मळमळलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी कशीबशी डाव्या कुशीवर वळले आणि मिनिटभरात सगळं निवळलं. कारण नंतर कळलं. पाठीवर झोपलं की जड गर्भाशय मणक्याजवळच्या मोठ्या शिरेवर बसतं, खालचं रक्त हृदयाकडे कमी परततं, रक्तदाब उतरतो. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर झोपून व्यायाम करायचा नाही, हे मला फिजिओथेरपिस्टबाईंनी सांगितलेलंही होतं, पण समोरची बाई आत्मविश्वासाने सांगत होती म्हणून मी केलं. वर्गाला कळवलं तर उत्तर आलं, "सुरुवातीला असं होतं, सवय होईल." मी तो वर्ग त्याच दिवशी सोडला. शरीर थांब म्हणतं तेव्हा सवयीची वाट बघायची नसते.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मेच्या पहिल्या आठवड्यात साखरेची तपासणी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. जानेवारीत हीच तपासणी नीट आली होती. आता आकडा आला १५८. १४० किंवा त्याच्या वर असेल तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. माझ्या वडिलांना मधुमेह, मामांना पंधरा वर्षांपासून मधुमेह, त्या शब्दाची भीती आमच्या घराला चांगली ओळखीची आहे. मी रोज चालत होते, गोड फारसं खात नव्हते, तरी मला कसा? मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. वारेतून जी संप्रेरकं निघतात ती इन्सुलिनच्या कामात आडवी येतात. एरवी शरीर जास्त इन्सुलिन बनवून निभावतं, काहींचं कमी पडतं. आईच्या रक्तातली साखर बाळाकडे जाते, इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, नको तेवढं अंग धरतं, आणि जन्मल्यावर नाळ तुटली की साखर येणं एकदम थांबतं, इन्सुलिन चालूच राहतं. तेव्हा बाळाची साखर कोसळू शकते.

"दोन आठवडे आहार आणि चालणं. उपाशीपोटी ९५च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२०च्या आत. नाही आलं तर औषध." आणि त्यांनी चालण्याची रीत बदलली. सकाळचा अर्धा तास एकगठ्ठा नको, तीनही जेवणांनंतर पंधरा पंधरा मिनिटं. चालताना मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनवर तेवढं अवलंबून राहत नाहीत. साखर चढायला लागते नेमकी तेव्हाच पाय चालले पाहिजेत.

दुपारी दीडला जेवण आणि पारा ४२च्या आसपास. बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. मामांनी सोप्यातला बाजेचा पलंग भिंतीला सरकवला, चटई गुंडाळली, वाटेतलं पायपुसणं उचललं (पाय अडकून पडायला तेवढं पुरतं) आणि म्हणाले, "चल पोरी, मलाही डॉक्टर हेच सांगत आलेत, मी ऐकलं नाही इतकी वर्षं." तेव्हापासून दोघं मिळून. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून बघायच्या, "आगं घरातल्या घरात किती फिरतीस, चक्कर यील." चार दिवसांनी आत्याच पाण्याचा तांब्या घेऊन मध्ये उभ्या राहायला लागल्या, फेरी पुरी झाली की दोन घोट.

मामा एका कारखान्यात हिशेबनीस होते. त्यांनी लाल कापडी बांधणीची जुनी चोपडी काढली आणि दोन रकाने आखले, एक 'सून' आणि एक 'मी'. यंत्र एकच, पट्ट्या एकाच डबीतल्या, टोचायच्या सुया मात्र दोघांच्या वेगळ्या, त्यावर मॅडमनी फार जोर दिला होता. बोटाच्या मध्ये न टोचता कडेला टोचलं की दुखत नाही, हे मामांनी शिकवलं.

पहिल्या आठवड्यातली एक नोंद १९४ आहे आणि तिच्यावर फुली. त्या दुपारी सगळ्यांसाठी मी आंबे कापले होते. स्वतः फोडही खाल्ली नव्हती. दोन तासांनी टोचलं आणि आकडा बघून मला रडू फुटलं. मामांनी माझा हात हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "आंब्याचा वास येतोय की गं." हात पाण्याखाली धरले होते, साबण लावला नव्हता. साबणाने धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटाला टोचलं, ११२. बोटावरचा रस यंत्राने साखर म्हणून मोजला होता. तेव्हापासून साबण यंत्राच्या डबीशेजारीच राहिला.

चोपडीतून हळूहळू माझं शरीर मला वाचता यायला लागलं. दोन भाकरी, भाजी, वरण आणि ताक घेऊन चाललं की १०८ ते ११५. भाकरी तिसरी झाली की १२०च्या पुढे, मग ती ज्वारीची का असेना. रात्रीचा भात न चालता १३४, तोच भात अर्धी वाटी करून, चालून, ११७. एके दिवशी पाहुणे आले म्हणून दुपारचं चालणं राहिलं, तीच भाकरी तीच भाजी आणि १३१. आकडे माझे आहेत, दुसरीचे वेगळे येतील. पण त्या दिवसानंतर पाहुण्यांसमोर उठून चालायला मला लाज वाटली नाही.

डोहाळेजेवणाचं तर सांगायलाच हवं. मेच्या शेवटी झालं. फुलांची वाडी भरली, झोपाळा सजवला, पाच प्रकारचे भात, पुरणपोळ्या, बायकांनी डोहाळ्याची गाणी म्हटली. मी अर्धी पुरणपोळी तुपाशी खाल्ली, भात प्रत्येकातला एकेक घास. मग त्या फुलांच्या बाजूबंदांसकट झोपाळ्याभोवती चालायला लागले. आधी सगळ्या थबकल्या. मग आमच्या शेजारच्या आजी उठल्या, माझ्या हाताला धरून चालायला लागल्या, त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी, गाणं चालूच. पंधरा मिनिटांत झोपाळ्याभोवती आठ-दहा बायकांचं रिंगण झालं होतं. दोन तासांनी १२६ आलं. चोपडीत मामांनी आकड्यापुढे 'डोहाळेजेवण' एवढंच लिहिलं आहे.

दोन आठवड्यांनी मॅडमनी चोपडी पाहिली आणि औषधाची गरज नाही म्हणाल्या. इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. दवाखान्याच्या बाकावर मला एक बाई भेटायच्या, त्या माझ्यापेक्षा जास्त चालायच्या, माझ्यापेक्षा कमी खायच्या, तरी त्यांना इन्सुलिन लागलं. त्या दर वेळी मान खाली घालून सांगायच्या, जणू परीक्षेत नापास झाल्या. ज्यांना इन्सुलिन लागलं त्यांचं काही चुकलं नाही. वार किती जोर करते हे आपल्या हातात नसतं.

जून कोरडाच लागला, पाऊस लांबला. तिसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी वीज गेली. घरात घुसमट व्हायला लागली म्हणून जेवून मी गच्चीत चालायला गेले. सात वाजून गेले होते, पण गच्चीची फरशी चपलेतूनही भाजत होती. त्या दिवशी ग्रंथालयात पुस्तकांची मोजणी होती, पाणी फार कमी प्याले होते, तेही लक्षात आलं नाही. सातआठ मिनिटांत पोट दगडासारखं घट्ट झालं. थांबले, सुटलं. पुन्हा झालं. खाली येऊन डाव्या कुशीवर झोपले, दोन तांबे पाणी प्याले. पोट अधूनमधून घट्ट होतंच, ते एवढ्या महिन्यांत ओळखीचं झालं होतं, पण विश्रांती घेऊन ते थांबायला हवं. थांबेना. तासात पाच वेळा झालं तेव्हा नवऱ्याने गाडी काढली.

रात्रभर दवाखान्यात होते. पट्टे लावून बाळाचे ठोके आणि पोटाचं आवळणं तपासलं, सलाइन लावलं, गर्भाशयाचं तोंड बंदच होतं. पहाटेपर्यंत सगळं शांत झालं. अंगातलं पाणी कमी झालं होतं. मॅडम रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "चालणं चुकलं नाही, वेळ आणि जागा चुकली. तापलेल्या जागी व्यायाम नाही म्हणजे नाही." पाच दिवस विश्रांती, मग पुन्हा घरातल्या फेऱ्या, आधी पाच मिनिटांच्या.

दवाखान्यातून आल्यावर मामांनी एक कागद लिहून फ्रिजला चिकटवला. कधी थांबायचं आणि कधी फोन करायचा ते मॅडमना विचारून त्यांनी उतरवून घेतलं होतं. रक्त किंवा पाणी जाणं. पोट नेमाने दुखून आवळणं. चालायच्या आधीच धाप लागणं. छातीत दुखणं. चक्कर. डोकं ठणकणं. एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं. बाळाची हालचाल कमी वाटणं. अक्षर मोठं, ठळक, आत्यांनाही चष्म्याशिवाय वाचता येईल असं. घरात प्रत्येकाला तो कागद पाठ झाला होता, आणि मला वाटतं, त्या कागदामुळेच आत्यांचा चालण्याला असलेला विरोध संपला. भीती कशाची बाळगायची ते नेमकं कळलं की बाकीची भीती जाते.

जुलैत जांघेत, पुढच्या हाडापाशी दुखायला लागलं. जिना चढताना कळ, कुशीवर वळताना कळ. फिजिओथेरपिस्टबाईंनी पावलं आणखी आखूड करायला लावली, एका पायावर उभं राहायचं नाही सांगितलं. सलवार घालताना मी पलंगावर बसूनच दोन्ही पाय घालायचे. कुशीवर वळताना गुडघे एकमेकांना चिकटवून वळायचं, उशी दोन्ही गुडघ्यांत. पंधरा मिनिटांच्या दहा झाल्या, मग आठ. त्याच महिन्यात अधिक मास लागला. घरात अनारसे, धोंडे, जावयांचं जेवण. मी वास घेतला आणि फेऱ्या मारल्या.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण साखरेमुळे सोलापूर सोडायचं नव्हतं. आईच बार्शीहून आली.

एकोणचाळीस आठवडे भरल्यावर कळा आणायचं औषध दिलं. चौदा तास कळा घेतल्या. मग बाळाचे ठोके खाली जायला लागले आणि सिझर झालं. ११ ऑगस्ट २०२३, मुलगी, ३ किलो १०० ग्रॅम. भेटायला येणाऱ्यांतल्या किती जणांनी म्हटलं, "एवढं चाललीस तरी सिझरच?" पहिल्या दिवशी मला ते लागलं. आता लागत नाही. मी नॉर्मल बाळंतपणासाठी चाललेच नव्हते. चालले ते त्या टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबासाठी. जन्मल्यावर दोन तासांनी सिस्टरांनी तिच्या इवल्याशा टाचेला टोचलं, यंत्रावर ५२ आलं आणि त्या म्हणाल्या, "छान आहे, पाजा." शेजारच्या पाळण्यातल्या बाळाला साखर कमी म्हणून आत नेलं होतं. माझी माझ्या कुशीत होती.

दुसऱ्या दिवशी टाके धरून खाटेपासून दारापर्यंत चालले. घरी शेकशेगडी, डिंकाचे लाडू. लाडवांत गूळ कमी घालायचा यावरून आई आणि आत्यांची चर्चा बराच वेळ रंगली. केगेल मी आठवड्याभरातच सुरू केले, पाजताना, बसल्या बसल्या.

वार गेली की साखर बहुतेक वेळा खाली येते, पण पुढे मधुमेह व्हायचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा तेच ७५ ग्रॅम. सप्टेंबरच्या २५ तारखेला गेले, गौरी नुकत्याच गेल्या होत्या. मामा लेकीला मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसले होते. निकाल आला, १२१. घरी आल्यावर त्यांनी चोपडी काढली, 'सून' रकान्यात आकडा लिहिला, खाली रेघ मारली. मग स्वतःचं बोट टोचलं. १६८. शेजारच्या रकान्यात लिहिला, टोपण लावलं आणि म्हणाले, "तुझं झालं, माझं अजून आहे. उठ."

ती त्यांच्या खांद्यावर, मी शेजारी. सोप्यापासून न्हाणीपर्यंत पुन्हा २२ पावलं भरली.